दोन महिन्यांसाठी रिकामी केलेली खोली

सगुणकाका,

परवा डिचोलीला मंगलच्या घरी तुमचं बारावं झालं. मी आलो होतो. पानात वाढलेलं सगळं जेवलो. जेवणाआधी मंगलनं मला तिच्या सासरच्या माणसांपुढे नेलं आणि म्हणाली, "हे दिगंबर. पेडण्याला मामा ह्यांच्याच घरात राहायचा. ह्यांनी खूप सांभाळलं त्याला." त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आजकाल असे घरमालक मिळत नाहीत, म्हणाले. मी हात सोडवून घेतला नाही. "तसं काही नाही," एवढं पुटपुटलो, आणि त्यांना तो माझा विनय वाटला.

तुमच्याबद्दल चांगलं लिहायला पुष्कळ माणसं आहेत. चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीवर तुम्ही किती वर्षं काढलीत, पूल झाल्यावर तुम्हाला कुठं धाडलं, लग्न का केलं नाहीत, हे सगळं मंगलला माहीत आहे. मला जे लिहायचं आहे ते माझ्याबद्दल आहे. ते तुम्हालाच सांगायचं होतं, तुम्ही असताना.

ते घर घेतलं तेव्हा मला घरातलं काही कळत नव्हतं. मी शाळेच्या ऑफिसातला क्लार्क. दाखले, हजेरीपट आणि पगारपत्रक, यापलीकडे कधी गेलो नव्हतो. पण मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्यात जो तो खोल्यांच्या गोष्टी करायला लागला. कामाला येणाऱ्या माणसांना राहायला जागा मिळत नव्हती. मोबाइलवर एक गृहस्थ सांगायचे, की जुनं घर कर्जानं घ्या, दुरुस्त करा, भाड्यानं द्या, आणि वाढलेल्या किमतीवर पुन्हा कर्ज काढून दुसरं घर घ्या. मी जेवताना ते बघायचो. सुनंदा म्हणायची, आधी ताटात बघा. शेवटी तिच्याच बांगड्या गहाण टाकून मी सुरुवातीची रक्कम उभी केली, उरलेल्यासाठी बँकेनं माझ्या पगारावर कर्ज दिलं, आणि फोंड्याच्या एका मालकाकडून ते चार खोल्यांचं घर मी घेतलं. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, पुढे लांब ओसरी, मागे विहीर. तीन खोल्या बंद होत्या. चौथीत तुम्ही होता, वीस-बावीस वर्षांपासून. दलाल म्हणाला, "तो म्हातारा एकटाच आहे. त्याची काळजी करू नका."

कागद झाल्यावर पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही ओसरीवर बसून जाळं दुरुस्त करत होता.

"तूच काय नवो मालक?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"मगे बस मरे. च्या घेतलंस?"

तुम्ही बिनदुधाचा चहा आणि उंडा पाव दिलात. आणि मग, माझा चहा संपायच्या आत, म्हणालात, "तिसऱ्या खोलयेत पावसात पाणी येता. पाठल्या भिंतीतसून. तुका विकणाऱ्यान सांगला नसतला."

मला वाटलं, म्हातारा घराला नावं ठेवतोय, म्हणजे मी भाडं वाढवणार नाही. घरी जाऊन सुनंदाला तसं सांगितलंही. जूनमध्ये तिसऱ्या खोलीत चार बाल्द्या ठेवाव्या लागल्या, आणि त्यांतल्या दोन तुमच्या होत्या.

त्यानंतर दीड वर्ष तुम्ही मला घर शिकवलंत. दुसरा शब्द मला सुचत नाही. बेळगावकडची तीन माणसं कामाला होती. मी शाळेत असायचो तेव्हा तुम्ही त्यांच्यापाशी खुर्ची टाकून बसायचात. मी तसं सांगितलं नव्हतं. एकदा संध्याकाळी आलो तर नव्या न्हाणीची फरशी उखडून ठेवलेली. मी चिडलो. तुम्ही तांब्याभर पाणी फरशीखालच्या त्याच उतारावर ओतून दाखवलंत. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं. "उद्या ह्या पाणी भाडेकऱ्याच्या अंथरुणात जायत, आणि तो तुझ्या नावान बोंब मारीत," तुम्ही म्हणालात. गवंडी हसत होता. त्याला तुमचा राग आलेला नव्हता, आणि माझाही उतरला. मागच्या भिंतीचं पाणी थांबवायला मी कुठलंसं महागडं रसायन लावणार होतो. तुम्ही परसात चर खणायला लावलात, पाणी विहिरीच्या पलीकडे काढलंत, आणि पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली. त्या भिंतीपाशी उभा राहून मी फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. खाली लिहिलं, 'माझं पहिलं दुरुस्तीचं काम.' तुमचं नाव त्यात नव्हतं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. जनेलांवरून, म्हणजे खिडक्यांवरून. मला खोल्यांत एसी बसवायचा होता, म्हणून पहिल्या खोलीची जनेल मी चिरे लावून निम्मी केली. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "करंट गेलो की हय मनीस शिजतलो." मेमध्ये करंट गेला, आणि भाडेकरू अंथरूण घेऊन तुमच्या ओसरीवर आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या जनेलांना मी हात लावला नाही. पण पहिलीची पुन्हा मोठी कर, हे तुमचं म्हणणं मी कधीच मान्य केलं नाही. 'बघू' म्हणत राहिलो. ती अजून तेवढीच आहे.

तीन खोल्या भरल्या. विमानतळावर काम करणारी माणसं, वेळेवर भाडं देणारी. सुनंदाच्या बांगड्या सोडवून आणल्या त्या दिवशी तिनं पातोळ्या केल्या आणि पहिला डबा तुमच्याकडे पाठवला. तुम्ही तिला म्हणालात, "तुझ्या घोवाक आता घर कळाक लागला." माझं कौतुक इतक्या कमी शब्दांत आणि इतकं मनापासून दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.

आणि चोपड्याच्या घराचं तुम्हीच सांगितलंत. तुमच्या जुन्या सोबत्याचं घर, नदीच्या काठाला, त्याची मुलं विकायला निघालेली. "दुसऱ्या कोणाच्या हातात जावच्या परास तू घे," म्हणालात. मी दुसऱ्या कर्जासाठी बँकेत गेलो तो तुमच्या सांगण्यावरून.

बँकेतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी पेडण्याच्या घराचे कागद बघितले, तीन खोल्यांचे भाडेकरार बघितले.

"चौथ्या खोलीत कोण?"

"जुने भाडेकरू आहेत."

"करार?"

"करार नाही. पण भाड्याच्या पावत्या आहेत त्यांच्याकडे, पहिल्यापासूनच्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांना सहजासहजी उठवता येणार नाही. त्या खोलीचं भाडंही नावाला आहे. घराची किंमत त्या हिशोबानं कमी धरावी लागेल." त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. फॉर्ममधला रकाना भरताना जे विचारायचं ते विचारलं. खोली मोकळी असती तर किती कर्ज मिळालं असतं, हे मी आपणहून विचारलं.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"सरळ सांगा त्यांना," ती म्हणाली. "म्हणा, मला खोली हवी आहे, तुमच्यासाठी दुसरी बघून देतो."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर नाही. नाही म्हणायचा हक्क आहे त्यांचा."

तुम्ही नाही म्हणाल याची मला भीती नव्हती. मी तोंड उघडून मागितली असती तर बहुतेक तुम्ही खोली दिलीही असतीत. पण मागताना मला तुमच्याकडे बघावं लागलं असतं, आणि मागणारा मी ठरलो असतो. मला ते नको होतं. मला मालक राहून, चांगला राहून, खोली हवी होती.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी मी ओसरीवर तुमच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "काका, आता तुमची खोली तेवढी राहिलीय. वासे किडलेत. पावसाआधी करून घेऊ. आतलं सगळं धरून दोन महिन्यांचं काम आहे. तोवर मंगलकडे राहा."

तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, ओळखलं. मग तुम्ही म्हणालात, "माका वाटलेला, म्हाताऱ्याची खोली तू करूचो नाय. कशाक खर्च करतलो, असा वाटलेला." तुम्ही उठून आत गेलात आणि कुठला वासा बदलायचा, कुठला ठेवायचा, ते मला हाताने दाखवायला लागलात. मीही मान वर करून बघत राहिलो, कागदावर टिपून घेत राहिलो.

तो कागद मी त्याच संध्याकाळी फाडला.

दोन दिवसांनी मी तुमच्याकडे पावत्या मागितल्या. बँकेला दाखवायच्या आहेत, म्हणालो. तुम्ही पेटी उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते पुडकं काढलंत आणि न बघता माझ्या हातात दिलंत. त्या पावत्या म्हणजे तुमच्याजवळचा एकुलता एक पुरावा होता. तुम्हाला ते माहीत होतं का, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक माहीत होतं. फेरीबोटीवर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कागदाची किंमत कळते. तुम्ही ते मला दिलंत कारण मागणारा मी होतो. बँकेला मी त्या दाखवल्या नाहीत. माझ्या कपाटात ठेवल्या. परत द्यायच्या राहून गेल्या, असं मी स्वतःला सांगत आलो. आता त्या कोणाच्याच कामाच्या नाहीत.

मेच्या पहिल्या आठवड्यात कौलं उतरवली. कामाची माणसं सकाळी उशिरा आली, तोवर तुम्ही शिडी लावून वर चढला होता. मी खालून ओरडलो, काका, उतरा. तुम्ही म्हणालात, "बोटीच्या टपार आयुष्य गेला माझा. तू फकत झेल." तुम्ही एकेक कौल द्यायचात, मी खाली रचायचो. तडा गेलेली एका बाजूला, चांगली दुसऱ्या बाजूला. चांगल्या कौलांवर तुम्ही बोटांनी टकटक करून बघायचात. "ही परत घालूक गावतली," म्हणायचात. मी कमरेला बांधलेल्या शर्टानं घाम पुसत हो म्हणत होतो. माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच खोलीचं नवं चित्र होतं. वर पत्रा, त्याखाली छत, कोपऱ्यात छोटं स्वयंपाकघर. त्यात त्या कौलांचं काही काम नव्हतं. स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवून माझ्या हातात देत होता, आणि मी ते घेत होतो.

दुपारी सगळं उघडं झालं. खोलीत ऊन पडलं. तुम्ही खाट आणि पेटी मागच्या पडवीत नेऊन ठेवलीत. "परत येवचाच आसा, ओझा कशाक," म्हणालात, आणि एक पिशवी घेऊन डिचोलीच्या बसला गेलात.

खोली जुलैत तयार झाली. ऑगस्टमध्ये भाड्यानं गेली, तुम्ही देत होता त्याच्या सहापट भाड्यानं. गडहिंग्लजकडची प्रणाली आणि तिचा नवरा, दोघंही विमानतळावर. बँकेनं मोकळ्या घराची किंमत धरली आणि कर्ज मंजूर केलं. आणि चोपड्याचा व्यवहार मोडला. तुमच्या सोबत्याच्या धाकट्या मुलानं सही करायला नकार दिला. म्हणजे जे मिळवण्यासाठी तुम्हाला बाहेर काढलं, ते मला मिळालंच नाही. तेव्हा तरी मी प्रणालीला दुसरी जागा बघायला सांगून तुम्हाला बोलावू शकलो असतो. करार अकरा महिन्यांचा होता, संपल्यावर तरी बोलावू शकलो असतो. मी त्याचं नूतनीकरण केलं.

तुमचे फोन यायचे. महिन्यातून एकदा, कधी दोनदा.

"प्लास्टर सुकला काय रे?"

"अजून ओलं आहे काका. यंदा पाऊस फार."

गणेशचतुर्थीच्या आधी तुम्ही विचारलंत, "चवथीक येव मा? माटोळी बांधूक कोण आसा थय?" दरवर्षी शेजारच्या दोन घरांत गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी तुम्ही बांधायचात, रानातली फळं स्वतः आणून. मी सांगितलं, वीज जोडणीचा घोळ झालाय, दिवाळीपर्यंत होईल. दिवाळीनंतर तुम्ही खोलीबद्दल विचारणं बंद केलंत. सुनंदाची चौकशी करायचात, शाळेची करायचात, आणि ठेवायचात. सुनंदानं त्या घरात जाणं सोडलं होतं. भाडं आणायला चला, म्हटलं तर म्हणायची, तुम्ही जा. पडवीतली तुमची खाट पावसाच्या झडीनं भिजून फुगली. एकदा भंगारवाला आला तेव्हा ती मी त्याला देऊन टाकली. पेटी तेवढी घरी आणून ठेवली.

आणि मग गेल्या मार्चमध्ये तुम्ही न सांगता आलात.

मी भाडेकऱ्यांच्या पाण्याच्या टाकीचं बघायला गेलो होतो. तुम्ही ओसरीवर होता. तुमच्या खोलीच्या दारात प्रणाली उभी होती, तिनं तुम्हाला पाण्याचा तांब्या दिला होता, आणि ती विचारत होती, "आजोबा, कुणाला भेटायचं हाय तुम्हाला?" दोरीवर तिचे कपडे वाळत होते. दाराला नवा रंग होता, रंगावर तिनं तोरण लावलं होतं. ते तोरणही जुनं झालेलं दिसत होतं. कोणालाही कळलं असतं, ही माणसं आज-काल आलेली नाहीत.

तुम्ही मला बघितलंत. मी फाटकातच थांबलो.

"कोणाक नाय गो," तुम्ही तिला म्हणालात. "पयली हय आसलंय. घर बघूक इलंय. बरा केलानी हां ह्येनी."

मग तुम्ही ओसरीच्या टोकाला गेलात, वर बघितलंत आणि मला जवळ बोलावलंत. मी गेलो. आता बोलाल, असं वाटलं. तुम्ही पत्र्याच्या पन्हळीकडे बोट केलंत. "हेचो उतार उलटो पडलो. पाणी ह्या पोरीच्या दारात येतला. पावसाच्या आदी बदलून घे."

"हो काका."

"गवंड्याक सांग. तू सोता चढू नको."

"हो. जेवून जा, काका."

"नाय. बस आसा."

मी तुमच्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आलो. डिचोलीची बस सुटायला वीस मिनिटं होती. तुम्ही बाकावर बसलात, मी शेजारी बसलो. वीस मिनिटं, काका. मी तुम्हाला विमानतळाच्या नव्या रस्त्याबद्दल सांगितलं. कुठं कुठं जमिनीचे भाव काय झालेत ते सांगितलं. शाळेत मुलांची संख्या कशी घटतेय ते सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मधे एकदा मी थांबलो. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत आणि वाट बघितलीत. मला आता ठाम वाटतं, की तुम्ही वाट बघितलीत. मी म्हणालो, "ऊन फार वाढलंय यंदा." तुम्ही म्हणालात, "व्हय." बस लागली. तुम्ही चढलात, खिडकीशी बसलात, आणि सुटताना हात वर केलात.

तेच आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर तुम्ही फोन केला नाहीत. मी तर कधीच करत नव्हतो.

मंगलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. सकाळी चहा घेऊन गेले तर उठेच ना, म्हणाली. दुपारी नेणार होते. मी सांगितलं, परीक्षेचं काम आहे, सुटका होईलसं वाटत नाही. परीक्षेचं काम नव्हतं. मी दिवसभर टेबलाशी बसून राहिलो आणि पाचला घरी गेलो. बाराव्याला सुनंदा म्हणाली, "आज जाच. मी येत नाही. तुम्ही एकट्यानंच जायला हवं."

जेवणं झाल्यावर मी तुमची पेटी मंगलच्या हवाली केली. ती मला मागच्या दाराकडे घेऊन गेली. तिथं ती बहिणीकडे पाठवायच्या वड्यांचा डबा भरत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मामा सगळ्यांना सांगायचा, पेडण्याची खोली मीच सोडली. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून. तुमच्या घराला किती पायऱ्या आहेत हो?"

"तीन."

तिचा हात थांबला. "आम्ही त्याला माळ्यावरची खोली दिली होती. खाली जागाच नव्हती. चौदा पायऱ्या. दिवसातनं चार वेळा चढउतार करायचा."

मी तेव्हा सांगितलं. वासे, दोन महिने, पावत्या, प्लास्टर, सगळं. सलग सांगता आलं नाही, पुढचं आधी आणि मागचं मग, असं सांगितलं. बाहेर ओटीवर माणसं विडे खात हसत-बोलत होती. मंगल डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होती.

"हे त्याला सांगायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी सकाळपासून तुमचं चांगलं सांगत फिरतेय लोकांना." ती रडत नव्हती. दमलेली दिसत होती. "आता हे मी कुठं ठेवू? त्यानं तुमचं नाव खराब होऊ दिलं नाही. मी करू का?"

माफी मागायला तोंड उघडलं, पण ती माफी तिच्याकडे मागायची नव्हती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"आता कोण आहे त्या खोलीत?" तिनं विचारलं.

"एक जोडपं आहे. विमानतळावर कामाला."

"बरी आहेत?"

"बरी आहेत."

"त्यांच्याशी तरी खरं बोलता ना?"

काका, तुम्हाला हे माहीत नाही. तुम्ही गेलात त्याच्या चारच दिवस आधी मी प्रणालीला सांगितलं होतं, की खोलीला रंग द्यायचाय, महिनाभर दुसरीकडे सोय बघा. रंग द्यायचा नव्हता. ती खोली मला पर्यटकांना रोजच्या भाड्यानं द्यायची होती. त्यात जास्त मिळतं, असं मोबाइलवरचे गृहस्थ सांगतात. सांगताना मी तेच वाक्य वापरलं होतं, 'पावसाआधी करून घेऊ.' माझ्या तोंडून ते सहज निघालं होतं. तुमच्या वेळी निदान ते मी आधी मनात चारदा म्हणून बघितलं होतं.

मंगलनं माझं तोंड बघितलं. तिला उत्तर मिळालं असावं. डब्याचं झाकण दाबून लावून ती आत गेली. निघताना मी हाक मारली तेव्हा आतूनच म्हणाली, "सावकाश जा."

डिचोलीहून परस्पर पेडण्याला गेलो. संध्याकाळ होती. प्रणाली नुकती कामावरून आलेली, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. आतल्या बाजूला दोन खोकी बांधून ठेवलेली दिसत होती.

"रंगाचं मी खोटं सांगितलं," मी म्हणालो. "मला खोली पर्यटकांना द्यायची होती."

ती दाराला धरून उभी राहिली. "म्हंजे आम्ही परत येणारच नव्हतो?"

"नाही."

"आम्ही तर चवथीला गावी जाणार न्हाई म्हणून ठरवलंय. हितंच पूजा करायची म्हणून," ती म्हणाली. मग खोक्यांकडे बघून, "आता काय म्हणताय? जायाचं का न्हाई?"

"नाही. राहा. तुम्हाला हवं तितकं राहा. कधी खोली लागलीच तर सहा महिने आधी सांगेन, आणि खरं कारण सांगेन. ते आजोबा आले होते ना, पाणी दिलं होतंत तुम्ही? ही खोली त्यांची होती. त्यांनाही मी असंच सांगितलं होतं."

"कुठं असतात आता ते?"

"गेले. आज त्यांचं बारावं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत दया नव्हती. तुम्ही मला बसस्टँडवर दिलीत तशी सूट ती मला देणार नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

"लिहून द्याल?" तिनं विचारलं.

तिनं वही आणि पेन आणून दिलं. मी ओसरीवर बसून लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. तिनं कागद घेतला, उजेडाकडे धरून पहिल्यापासून वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. तोवर मी खाली, पायऱ्यांपाशी उभा होतो.